डावरीचं बारा तुकड्यांचं जेवण

डावरीला राग धरून ठेवता येत नसे. ती तापायची, तोंड सोडायची आणि घटकाभरात विसरून जायची. बाजारात सगळे म्हणत, हिचा राग म्हणजे उतू गेलेलं दूध, गॅस बंद केला की खाली. पण एक गोष्ट तिनं आठ वर्षं पोटात ठेवली होती. ती निवली तर नाहीच, उलट मुरत गेली.

डावरी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. डाव्या हातानं सगळं करते म्हणून लहानपणी चिडवायला पडलं आणि चिकटलं. शाळेत मास्तरांनी पट्टी मारली, आईनं हात पदराला बांधून ठेवला, तरी हात काही बदलला नाही. पुढं याच हातानं तिनं घर चालवलं. नवरा बसचा ड्रायव्हर, भला माणूस, पण भल्या माणसाच्या पगारात महिना पुरतो कुठं?

शहरात एक जपानी हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टेबलं-खुर्च्यांची गर्दी नव्हे. फिकट लाकडाची एकच लांब फळी, तिच्यासमोर आठ खुर्च्या, पलीकडे उभा राहून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर सुशी करणारा शेफ. त्याला सगळे उस्ताद म्हणत. आणि उस्तादाच्या पाठीमागं निळा पडदा. पडद्याआड जी खोली होती, तिथं डावरी अकरा वर्षं उभी होती.

सकाळी बर्फातून मासे यायचे. ती खवले काढायची, डोकं उतरवायची, मासा उघडायची. मग डाव्या हाताचं मधलं बोट मांसावरून उलट्या दिशेनं फिरवायची. डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला लागतो. लागला की चिमट्यानं ओढायचा. त्या बोटाचं नख तिनं अकरा वर्षं वाढू दिलं नाही. त्यानंतर पातळ काप, ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रे पुढं. उस्ताद फडकं उघडायचा, भाताच्या मुठीवर काप ठेवायचा, दोन बोटांनी दाबायचा आणि गिऱ्हाइकापुढं मांडायचा. आणि मांडता मांडता रोज एकच भाषण ठोकायचा. पडद्याआडून ते तिला पाठ झालं होतं.

"या हॉटेलात माशाला माझ्याशिवाय दुसरा हात लागत नाही. मागं फक्त भांडी धुतात."

गिऱ्हाईक माना डोलवायचं. डावरी मागं उभी राहून पुढचा मासा उघडायची.

एकदा तिनं धीर करून विचारलं, "उस्ताद, मला एखाद्या दिवशी पुढं उभं राहू द्या."

तो हसला. "डावा हात समोर बरा दिसत नाही गं. गिऱ्हाइकाला वाटेल, आरशात बघतोय."

मागच्या खोलीतले सगळे हसले. तीही हसली. गरिबाला आपल्यावरच्या विनोदाला हसावं लागतं, नाहीतर तो माजोरडा ठरतो.

मग तो काट्याचा दिवस आला. मोठा मासा उशिरा पोचला, काउंटर भरलेला, आणि उस्तादानं तिला बर्फाची गाडी उतरवून घ्यायला मागच्या दारी पिटाळलं. मासा त्यानं स्वतः घाईघाईनं कापला. एका गिऱ्हाइकाच्या घशात काटा अडकला, माणसाला दवाखान्यात न्यावं लागलं. हॉटेलच्या मालकीणबाई धावत आल्या. बाई कापडाच्या धंद्यातल्या, माशातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. उस्तादानं पडद्याकडे बोट दाखवलं. "मासा मागं साफ झाला. हिनं काटा ठेवला."

चोराच्या उलट्या बोंबा. डावरी कितीदा म्हणाली, मी तेव्हा बर्फ उतरवत होते, गाडीवाल्याला विचारा. गाडी निघून गेली होती. अंगावरचा ॲप्रन सुटायच्या आत तिची नोकरी सुटली.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं गिळलं असतं. पण शहरातल्या सगळ्या मोठ्या स्वयंपाकघरांना माणसं पुरवणारा एक मुकादम होता. तो तिच्या दारात आला आणि जिन्यावर शेजारीपाजारी उभे असताना म्हणाला, "तुला आता कुठं पाठवू? तुझ्या हातात काटा राहतो, असा सगळीकडे बोभाटा झालाय." ज्या बोटावर तिनं आयुष्य काढलं, त्याच बोटाला डाग. पुढं आठ वर्षं एकाही स्वयंपाकघरानं तिला उंबरा ओलांडू दिला नाही. ती दिराच्या मासळीच्या गाळ्यावर बसली, आणि दीर थकल्यावर गाळा तिचा झाला. धंदा बरा चालला, लोक रांग लावत. पण रात्री बोट उशीवरून उलट्या दिशेनं फिरत राहायचं, हे नवऱ्यानंही पाहिलं होतं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा लेकीनं विचारलं, "आई, तुला कुठं जेवायला नेऊ? माझ्या पहिल्या पगाराची भेट. काय हवं ते माग."

डावरीनं त्या हॉटेलचं नाव घेतलं. दुपारचं, बारा तुकड्यांचं जेवण. "तुझे बाबा आणि मी. तू येऊ नकोस."

"मी का नको?"

"तुला सुट्टी नाही मिळायची," डावरी म्हणाली, आणि लेकीला हे खोटं आहे असं कळलं तरी तिनं तारीख नोंदवून टाकली.

ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून निघाला खरा, पण हॉटेलच्या दारात त्याचे पाय अडले. "अगं, तिथं कच्चा मासा देतात ना?"

"अकरा वर्षं मीच कापत होते. तुम्हाला आज कळतंय होय?"

"ते नव्हे." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू भांडायला आलीयस."

"जेवायला आलेय."

"तुझं जेवायला आलेलं तोंड मला माहितीय. हे ते नाही."

तिचा बेत साधा होता. खास दिवस साजरा करायला आलेल्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्यायला मालकीणबाई स्वतः येतात, साधारण चौथ्या तुकड्याच्या सुमारास, हातात छापील कार्ड घेऊन. उस्तादाचं भाषण त्या वेळी व्हायला हवं, बाईंच्या कानांवर पडेल असं. मग एकच प्रश्न विचारायचा. तोवर उस्तादानं तिला ओळखता कामा नये. त्याची भीती कमीच होती, कारण अकरा वर्षं ती टोपी आणि मास्कमध्ये होती, त्यानं तिचं तोंड कधी धड पाहिलंच नव्हतं. हात मात्र पाहिला होता. म्हणून बाई येईपर्यंत उजव्या हातानं खायचं, असं तिनं ठरवलं. घरी आठवडाभर उजव्या हातानं जेवून सवय केली होती. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, खांदा दुखतो.

फळी तीच होती. लाकूड रोज घासून आणखी फिकट झालं होतं. उस्ताद जाड झाला होता, कानांवरचे केस पिकले होते, पण हात तेच, झपाझप आणि न चुकणारे. तिच्या डाव्या बाजूला नवरा, उजव्या बाजूला एक डॉक्टरीणबाई. आपण दरवर्षी वाढदिवसाला एकट्या इथंच जेवतो, असं त्यांनी बसल्या बसल्या, न विचारता सांगून टाकलं.

पहिला तुकडा माकुळाचा. डावरीनं तो उजव्या हाताच्या बोटांनी उचलला, भात थोडा सांडला, पण निभावलं. आणि तोंडात गेल्यावर तिला आणखीच राग आला, कारण तुकडा उत्तम होता. माणूस हलकट निघावा आणि त्याचं काम वाईट निघू नये, यासारखा अन्याय नाही.

"अगं, हे तर लोण्यासारखं आहे," ड्रायव्हर कुजबुजला. "उगीच घाबरलो."

"जेवा गप."

दुसरा तुकडा गेला. डॉक्टरीणबाईंना गप्प बसवत नव्हतं. त्यांनी उस्तादाकडे वाकून विचारलं, "हे सगळं तुम्हीच कापता ना, अगदी सुरुवातीपासून?"

उस्तादानं सुरी पुसली, छाती किंचित फुगवली. भाषणाची वेळ झाली होती आणि मालकीणबाईंचा पत्ता नव्हता. डावरीनं चहाचा कप कोपरानं पाडला.

चहा फळीवरून डॉक्टरीणबाईंच्या मांडीपर्यंत गेला. फडकी आली, माफी झाली, नवरा लाजून लाल झाला. भाषण घशातच राहिलं.

तिसरा तुकडा पांढऱ्या माशाचा होता. उस्तादानं तो तिच्यासमोर ठेवला. आणि इथं तिची चूक झाली. उजव्या हाताकडे लक्ष ठेवण्याच्या नादात डाव्याकडे लक्ष राहिलं नाही. डावा हात आपसूक वर आला आणि मधलं बोट मांसावरून उलट्या दिशेनं फिरलं. काटा आहे का, ते बघत. जेवायला बसलेलं गिऱ्हाईक असं कधीच करत नाही. जगात हे एकच बाई करते.

उस्तादानं बोट पाहिलं.

त्यानं सुरी खाली ठेवली. भाताच्या लाकडी डब्यात हात घातला, मूठ वळली, वर काप ठेवला. चांगल्या काउंटरचा एक दंडक असतो. गिऱ्हाईक डावखुरं दिसलं तर तुकडा तिरपा ठेवायचा, त्याच्या डाव्या हाताला सोयीचा, कुणी सांगायची वाट बघायची नाही. चौथा तुकडा तिच्यासमोर आला तो डावीकडे वळलेला. हातानं आपलं काम केलं होतं, आणि मग डोळे वर आले.

"तू," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मीच."

"कशाला आलीस?"

"जेवायला. लग्नाचा वाढदिवस आहे."

"काय पाहिजे तुला?"

"पाचवा तुकडा," डावरी म्हणाली, आणि चौथा डाव्या हातानं उचलून तोंडात टाकला. एक शीतही सांडलं नाही.

ड्रायव्हरनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "अगं, निदान बारा तुकडे होऊ दे."

आता उस्ताद भाषण करणार नव्हता, हे तिला कळलं. त्याला सापळा दिसला नसेल, पण वास आला होता. आठ वर्षांचा बेत एका बोटानं मातीत घातला. ती स्वतःवर अशी चिडली, की आलं चावता चावता जीभ चावली. पण देवानं जगात बोलघेवडी माणसं उगाच नाही घातली. त्याच वेळी मालकीणबाई पुढं आल्या, हातात कार्ड, तोंडभर हसू. डावरीला त्यांनी ओळखलं नाही.

"पंचवीस वर्षं! अभिनंदन! आमच्या हॉटेलची आठवण म्हणून हे ठेवा."

डॉक्टरीणबाईंनी कार्ड मधेच घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "'पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, प्रत्येक काप एकाच माणसाच्या हातचा.' बघा, हेच मी मघाशी विचारत होते! दर वाढदिवसाला हे सांगतात मला. दुसरा हात लागत नाही म्हणे."

"अगदी खरं," मालकीणबाई म्हणाल्या. "तीच तर आमची ओळख आहे."

डावरीनं फडक्याला बोटं पुसली. घाई केली नाही.

"बाई, एक विचारू? प्रत्येक काप यांच्याच हातचा?"

"प्रत्येक."

"मग आठ वर्षांपूर्वी एका माणसाच्या घशात काटा गेला होता, तो कुणाच्या हातचा?"

मालकीणबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी डावरीकडे नीट पाहिलं, मग तिच्या डाव्या हाताकडे. "तू... मागं कामाला होतीस."

"होते. काटा ठेवला म्हणून तुम्ही मला तासाभरात काढलंत. हे म्हणाले, मासा मागं साफ झाला. आणि कार्ड म्हणतं, मागं काहीच होत नाही. दोन्ही खरं कसं असेल? मी अडाणी आहे, समजावून सांगा."

उस्ताद म्हणाला, "त्या दिवशी गर्दी होती. तेवढा एक मासा मागं—"

"म्हणजे मागं कापतात?" डॉक्टरीणबाई ताडकन म्हणाल्या. "मग मला इतकी वर्षं काय सांगताय?"

बाकीच्या खुर्च्यांवरचे लोक जेवायचे थांबले होते. उस्तादापुढं इकडे आड तिकडे विहीर. काटा तिच्या गळ्यात घालावा तर कार्ड खोटं, कार्ड राखावं तर काटा स्वतःच्या गळ्यात. डावरी त्याच्याकडे बघत राहिली. आठ वर्षं उशीवर बोट फिरवताना तिनं हेच तोंड बघायची वाट पाहिली होती. घामाचा एक थेंब त्याच्या कानामागून उतरला. तिला तो थेंब कुठल्याही सुशीपेक्षा गोड लागला.

"उस्ताद," मालकीणबाई हळू म्हणाल्या, "कार्ड खरं आहे ना?"

त्यांना काय हवं होतं ते सगळ्यांना कळलं. उस्तादालाही.

"काटा माझ्या हातून राहिला," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," डावरी म्हणाली.

"काटा माझ्या हातून राहिला होता. हिचा दोष नव्हता."

ड्रायव्हरनं खालच्या खाली तिचा गुडघा दाबला. पुरे, असा त्याचा अर्थ होता. पण तिच्या लक्षात आलं होतं, की हा अर्धा सुटलाच. काटा घेतला आणि भाषण वाचवलं. तिची अकरा वर्षं अजून पडद्याआडच होती. दुसरा घाव तिच्या हाताशीच होता. पडदा ओढायचा आणि लोकांना दाखवायचं, मागं कोण कापतंय ते. ती उठलीसुद्धा.

पडद्याच्या फटीतून तिला दोन हात दिसले. रबरी मोजे, ओल्या फडक्यावर थांबलेली सुरी. कुणीतरी आतून सगळं ऐकत, श्वास धरून उभं होतं. पडदा ओढला तर संध्याकाळपर्यंत त्या हातांना काम राहणार नाही, आणि खापर पुन्हा मागच्या खोलीवर फुटेल. डावरीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मालकाचं भांडण कुणाच्या डोक्यावर मिटतं ते तिनं भोगलं होतं.

ती परत बसली. उस्तादानं श्वास सोडला.

"सुटलो म्हणू नका," ती म्हणाली. "ते दुसरं मी राखून ठेवलंय. आधी मुकादमाला फोन लावा. स्पीकरवर."

"आत्ता? जेवताना?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मला काढलंत तेव्हाही लोक जेवतच होते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लावा हो फोन. मला पुढचा तुकडाही खायचाय." आपला वाढदिवस इतका रंगेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

फोन लागला. मुकादमाचा आवाज फळीभर पसरला, "हां बाई, बोला, माणूस पाहिजे?" उस्तादानं मान खाली घालून पुन्हा तेच वाक्य सांगितलं. मग मुकादम हसला, "अरेच्चा! असं होय? बरं बरं. मग तिला म्हणावं येऊन भेट, बघू कुठं लावता येतं का."

डावरी फोनकडे वाकली. "मी डावरीच बोलतेय. मी कुठंही येत नाही. तू येशील. माझ्या गाळ्यावर, सकाळी, भर बाजारात. जिन्यावर जे बोललास ते बाजारात परत घ्यायचं. त्याच आवाजात."

"अगं, जाऊ दे की, एवढी वर्षं झाली—"

"म्हणून तर सांगतेय. व्याजासकट आवाज काढ."

फोन ठेवल्यावर उस्तादानं विचारलं, "पुढचं जेवण देऊ, का जाणार?"

"आठ तुकडे राहिलेत," डावरी म्हणाली.

तिनं आठही खाल्ले. एकेक, सावकाश. त्याच्या डोळ्यांत बघत. ड्रायव्हरला घास उतरेना, तसं तिनं त्यालाही दटावलं, "लेकीची भेट आहे, टाकायची नाही." बांगड्याच्या तुकड्याला ती म्हणाली, "मीठ जरा जास्त बसलंय."

उस्तादानं एक कण जिभेवर ठेवला. "बसलंय," तो म्हणाला. मागचा हात नवा होता, हे दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

बाहेर आल्यावर ड्रायव्हर तिच्या मागून चालत राहिला. बसस्टॉपपाशी म्हणाला, "त्याचं तोंड बघवत नव्हतं गं शेवटी."

"मला बघवत होतं."

"झालं ना पण आता?"

तिनं येणाऱ्या बसला हात केला.

मुकादम तिसऱ्या दिवशी आला. नवा शर्ट, केसांना तेल, हातात फुलांचा एक गुच्छ. गाळ्यासमोर नेहमीची रांग होती. तो सरळ पुढं आला आणि हसून म्हणाला, "हं, आलो बघ. बोलू?"

डावरी मासा उघडत होती. तिनं मान वर केली नाही. "रांगेत उभा राहा."

"अगं, मी काय मासे घ्यायला आलोय?"

"इथं सगळे रांगेत राहतात."

रांगेतल्या एका म्हातारीनं त्याला पिशवीनं ढोसलं, "ए शहाण्या, मागं हो." तो शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढं चौदा माणसं होती. डावरीनं पुढचा मासा फळीवर घेतला, बोट मांसावरून फिरवलं, आणि त्या दिवशी तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं, काटे काढून देऊ का? वेळ लागेल, पण एकही राहणार नाही.

सगळे हो म्हणाले.